शेंदऱ्याचा घेर

तासगावजवळच्या द्राक्षबागेच्या बांधावरचा शेंदऱ्या आंबा आक्काताईंच्या सासऱ्यांनी लावलेला. लाकूडवाले येत, बुंध्याला दोरीचा वेढा घालून घेर मोजू बघत. आक्काताई दोरी पिशवीतून काढूच देत नसत. त्या भागात सगळ्यांना ठाऊक, दोरी लागलेलं झाड वर्षभर काही उभं राहत नाही. पुतण्या जिनेशला त्यांनी पोटच्या पोरासारखा वाढवला, बागही त्याच्या नावावर केली, ती एका शब्दावर: "शेंदऱ्याला दोरी लावायची न्हाई."

चैत्रात जिनेश म्हणाला, "आक्का, शेंदऱ्यासंगं तुमचा फोटो काढतो. बुंध्याला टेकून उभ्या ऱ्हावा."

आक्काताई सणाची इरकल नेसून उभ्या राहिल्या.

"उंची किती वं तुमची?"

"पाच फूट दोन इंच. सोयरीक जुळवताना चुलत्यानं भितीवर खूण करून मोजलीवती. पोरगी लय उंच म्हणून सांगलीची दोन स्थळं परत गेली."

जिनेश हसला आणि मोबाइलवर आकडा टिपला.

आठ दिवसांनी दस्तगीर लाकूडवाला बागेत आला. त्याच्या बापालाही आक्काताईंनी दोनदा परत पाठवलं होतं. तो म्हणाला, "आक्का, तुमी झाड द्यायला तयार झाला, मला खरंच वाटंना."

"कुणी सांगितलं रं?"

"आवं, तुमीच उभ्या हाय की फोटोत."

त्यानं मोबाइल पुढे केला. फोटोत आक्काताईंच्या डोक्यापासून टाचेपर्यंत हिरवी रेघ होती, तिच्यापुढे पाच फूट दोन. तेवढ्या मापावरून मोबाइलनं बुंध्याची रुंदी, घेर, पहिल्या फांदीपर्यंतची उंची, सारं काढलं होतं. लाकडाचं माप घ्यायला त्यांच्याच देहाची काठी केली होती.

मागून जिनेश आला. "दोरी कुठं लावली? शब्द पाळला की. सावलीनं चार ओळी द्राक्षं वाया जात्यात, आक्का."

दस्तगीर बुंध्याभोवती फिरला. "गड्या, ह्यात घेर अकरा फूट हाय. माझा डोळा दहाच्या वर जाईना." मग त्यानं आक्काताईंकडे वरपासून खाली पाहिलं. "आक्का, आता तुमी पाच फूट दोन कुठल्या? पाच बी न्हाई. वयानं माणूस आखडतंय."

जिनेशचा चेहरा उतरला. "मग खोटी उंची का सांगितली? इश्वासानं इचारलं मी तुमाला."



"एकदा दोरी लावू द्या, मग बोलू," दस्तगीर म्हणाला.

"दोरी न्हाई," आक्काताई म्हणाल्या.

"मग मी बी न्हाई. अंदाजावर झाड घेतलं तर बाप कबरीतनं शिव्या दील." तो सलाम करून गेला.

"मलकापूरचा एक लाकूडवाला हाय, त्याला आणतो," जिनेश पुटपुटला आणि मोटरसायकल सुरू केली. "बसा मागं. ऊन लय हाय."

गाडीवर बसायचं म्हणजे त्याच्या खांद्याला धरावं लागलं असतं. आक्काताई चालतच घराकडे निघाल्या.