पांढरी रेघ

मोटारसायकलच्या हँडलखाली मान घालून ती स्क्रूला पीळ देत होती आणि आई शेडच्या दारात पहाऱ्याला उभी होती.

"आले का?"

"नाही अजून. केस कापायला एवढा वेळ? आहेत किती डोक्यावर!"

उद्या डोंगरावर होणाऱ्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यासाठी बाबा खास सलूनमध्ये गेले होते. ते परतायच्या आत काम उरकायचं होतं. ॲक्सिलरेटरची मूठ ज्या घरात फिरते त्याला तिने पोटाकडून भोक पाडलं होतं, आत आटे पाडले होते आणि आता त्यात पेराएवढा स्क्रू बसवत होती. स्क्रू जितका आत, तितकी मूठ कमी फिरणार. कल्पना तिची नव्हतीच. लहानपणी तिच्या पहिल्या छोट्या गाडीला बाबांनीच असा स्क्रू लावला होता, आणि गाडीतच तेवढा दम आहे असं समजून ती वर्षभर खुशीत हुंदडली होती.

"ह्यांना कळलं तर घर डोक्यावर घेतील," आई म्हणाली.

"घेऊ देत. स्टुलावर चढून नाही घेतलं म्हणजे मिळवली."

दोघींना हसू आवरेना. डोंगरावर गाड्या उडवण्यात उभं आयुष्य काढलेला हा माणूस गेल्या वर्षी दिवा बदलताना स्टुलावरून पडला आणि खुबा मोडून घेतला. शर्यतीतले लोक त्यांना 'फुल्ल' म्हणत, कारण मूठ पुरती पिळल्याशिवाय त्यांना गाडी चालवता येते हे कोणी पाहिलंच नव्हतं. नावाचा त्यांना कोण अभिमान! नातेवाइकांच्या लग्नातही कोणी खऱ्या नावाने हाक मारली तर ते लवकर वळून बघत नसत.

खुबा सांधला, पण माणूस खिडकीशी बसून राहायला लागला. तेव्हा तिने ही गाडी शोधून काढली. उंच मडगार्डाची, मातीत पळणारी, त्यांच्या तरुणपणच्या गाडीची जुळी बहीण. एका पोल्ट्रीत ती धूळ खात पडली होती आणि सीटवर खुडूक कोंबडी बसली होती. "गाडी न्या, पण पिल्लं निघाल्यावर," पोल्ट्रीवाला म्हणाला, आणि बापलेक खरंच तेवढे दिवस थांबले. मग खुर्चीवर बसून बाबांनी सांगायचं आणि तिने करायचं. भांडणं रोज व्हायची. तरी खरं सांगायचं तर दोघांचेही इतके सुखाचे दिवस पूर्वी कधी गेले नव्हते.

बाबांच्या गॅरेजचा एक कायदा होता. नट शेवटचा आवळला की त्याच्यावरून खालच्या धातूपर्यंत बारीक ब्रशने पांढरी रेघ ओढायची. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसते. रेघ म्हणजे हे काम बघून झालंय, आता कोणी हात लावायचा नाही. रेघ नाही तर काम नाही.

स्क्रू जागचा हलू नये म्हणून तिने त्याच्यावरचा चेकनट आवळला. रेघ मात्र ओढली नाही. चोरीच्या कामावर कोण सही करणार?

स्क्रू किती आत घ्यायचा हाच काय तो घोर होता. जास्त घेतला तर डोंगरावरच्या शेवटच्या चढावर फुल्ल चारचौघांत अडकणार. कमी घेतला तर काय, ते तिला मनातही बोलवत नव्हतं. चाचणीला गाडी तिनेच त्या चढावर नेली होती. तिथे किती मूठ लागते हे तिच्या मनगटाला पाठ होतं. तेवढी तिने ठेवली आणि स्क्रूचं डोकं नखभर बाहेर राहिलं. चढ चढेल, पण उडणार नाही.

दुसऱ्या दिवशी खुब्यामुळे किक तिनेच मारली. बाबांनी जुनं कातडी जाकीट चढवलं होतं. पोटावर ते मिटत नव्हतं.

"बघ आता," ते म्हणाले आणि निघाले.

तिने खालून पाहिलं. पहिली वळणं छान गेली. पाठ ताठ, कोपरं बाहेर, अगदी जुन्या फोटोतल्यासारखी. मग शेवटचा चढ आला. बाकीच्या गाड्या धूळ उडवत सरळ वर गेल्या. बाबांची गाडी पायथ्याशी घुटमळली आणि कडेच्या वळशाच्या वाटेला लागली. त्या वाटेने नवशिके जायचे.

आपलं गणित चुकलं, आपण चारचौघांत बापाची मान खाली घालायला लावली, एवढंच तिला सुचत होतं.

बाबा खाली येताच त्यांच्या शर्यतीतल्या जुन्या जोडीदाराने, सुताराने, आवाज दिला, "काय फुल्ल, आज हाफच?"

"नवा पिस्टन आहे, रनिंग-इन चालू आहे," बाबा म्हणाले. "नवं इंजिन पिळायचं नसतं, एवढंही विसरलास?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. तिला मात्र बाबांच्या नजरेला नजर देता येईना.

घरी आल्यावर बाबा अंगणात गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसले आणि आईला वळणावळणाचं वर्णन ऐकवू लागले. ती पाना घेऊन शेडमध्ये गेली. आधी स्क्रू काढायचा आणि मग जाऊन सगळं कबूल करायचं, असं तिने ठरवलं होतं. हँडलखाली वाकून तिने टॉर्च मारला.

चेकनटावरून धातूपर्यंत पांढरी रेघ होती.

ताजी होती आणि मध्ये जराशी थरथरलेली. स्क्रूचं नखभर बाहेर ठेवलेलं डोकं आता नटाला टेकलं होतं. चढापुरती तिने ठेवलेली मूठही बाबांनी काढून घेतली होती, आणि वर शेवटचं बघून झाल्याची खूण केली होती.

ती तिथेच त्या बदनाम स्टुलावर बसली. आयुष्यात एकदाही 'भीती वाटते' न म्हणालेल्या माणसाबद्दल तिला इतकी माया दाटून आली की हसताहसता डोळे भरले.

"काय करतेस गं तिथे?" अंगणातून बाबांचा आवाज आला.

"काही नाही. चिखल पुसतेय."

"पूस. पण नटांना हात लावू नकोस. सगळे बघून घेतलेत मी."

"हो. रेघ दिसली."

बादलीतलं चुबुकचुबुक थांबलं.

"पुढच्या वर्षीपर्यंत पुरी होईल ना गं, ही रनिंग-इन?"

तिने पाना फळीवर जागच्या जागी ठेवला.

"कुठलं हो बाबा! जुन्या गाड्या या. यांना वर्षानुवर्षं लागतात."

"तेच सांगत होतो मी त्या सुताराला," बाबा म्हणाले, आणि पाणी पुन्हा वाजू लागलं.