कागदाची खिडकी

“आज पाणी जरा हिरवट आहे,” शिवणवाल्या काकूंनी मशीनचं पायडल थांबवून, टॅबमध्ये बघत सांगितलं. “ताईच्या खोलीचे पडदेही बदललेत.”

सुट्टीला आलेल्या त्यांच्या मुलीने हातातला पेला खाली ठेवला. “कसलं पाणी? मावशी तर बिछान्यातून उठतही नाही.”

“नेलं असेल मुलाने तिला समुद्रावर. लहानपणापासून घोकत होती.”

काकूंची थोरली बहीण लांबच्या गावी मुलाकडे असायची. झटका आला तेव्हापासून तिची वाचा गेली होती नि उजवं अंग लुळं पडलं होतं. रोज दुपारी ती पडल्या पडल्या खिडकीचा फोटो काढून साइटवर टाकायची. कपड्यांची दोरी, समोरची भिंत, बसलंच तर एखादं पाखरू. खाली काकू ‘बघितलं गं’ लिहायच्या. बोलणं एवढंच, पण त्यावर काकूंचा दिवस निघायचा.

मध्यंतरी साइटने कात टाकली. जिथे एक फोटो नि लिहायला एक चौकट होती, तिथे बाजार भरला. लग्नं, चपला, नाचणारी माणसं, सगळी एकदम अंगावर यायची नि काकूंना गरगरायचं. मग त्यांनी आपल्या धंद्यातलाच उपाय काढला. कॉलरचे नमुने कापायच्या जाड कागदात फोटोपुरती खिडकी नि लिहिण्यापुरती फट कापली, नि तो कागद टॅबवर ठेवला. सगळा गलका कागदाखाली गेला. काही दिवस खिडकीत दोरी दिसली, मग एक दिवस समुद्र आला. काकू इतक्या हरखल्या की शिवता शिवता त्यांना खारा वास येऊ लागला. लाटा मशीनच्या तालावर यायच्या. दोघी बहिणी पुन्हा लहान होऊन पाण्यात पाय सोडून बसायच्या, नि ताई पूर्वीसारखी अखंड बोलत असायची.

मुलगी असल्याच साइटींच्या पडद्यावर कुठे काय दिसावं ते मांडायची नोकरी करायची. तिने टॅबवरचा कागद उचलला.

“आई, ही हॉटेलची जाहिरात आहे.”

जाहिरातीखाली काकूंची सगळी ‘बघितलं गं’ ओळीने उभी होती. हॉटेलाने त्यांचे आभारही मानले होते. मुलीने टॅबचा पडदा बोटाने वर सरकवत नेला. चपलांच्याही खाली ती दोरी नि ती भिंत होती, रोजची. त्याखाली ताईने डाव्या अंगठ्याने लिहिलेलं, ‘दिसतं का गं?’ पुढे ‘रागावलीस?’ मग नुसतेच फोटो.

“एवढं कशाला भरून ठेवता गं तुम्ही?”

“रिकामं दिसलं की लोक निघून जातात, आई.”

“जाऊ देत की. घरी कामं असतील त्यांना.”

मुलीला हसू येणार होतं, पण आईचा चेहरा बघून ते आलं नाही. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आपण समुद्रात रमलो, नि ताई तिकडे भिंतीशी एकटी पडून होती. त्यांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं, ‘नाही गं रागावले. दुसऱ्याच खिडकीत बघत बसले.’

मुलीने फक्त मावशीचं पान उघडून दिलं. काकूंनी नवा कागद कापला, टॅबवर ठेवला नि मशीनला हात न लावता बसून राहिल्या.

दिवेलागणीला खिडकीत फोटो आला. दोरी रिकामी होती, बाहेर काळोख होता. त्यामुळे काचेत आतलं दिसत होतं. उशीवर एक पुसट चेहरा होता, एकाच बाजूने हसणारा.

काकूंनी कागद हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरला, नि बऱ्याच वेळाने, एक हात सोडवून लिहिलं, ‘बघितलं गं.’