नववं धुराडं

राउन्सोच्या राजवाड्याची देखभाल हेनिंग स्क्युटेकडे आली त्याला अठ्ठावीस वर्षं झाली होती. शिकून वास्तुविशारद झालेला माणूस, पण एवढ्या वर्षांत स्वतःचं म्हणून एक भिंतही उभारली नव्हती. पन्हळी साफ करून घ्यायच्या, कुजलेली तुळई अशी बदलायची की बदलल्याचं कुणाच्या बापाला कळू नये, आणि उरलेल्या वेळात छतावरच्या कावळ्यांशी भांडायचं. हौस भागायची ती टपाल तिकिटांवर. अकरा अल्बम, आणि सगळ्यांत इमारतीच. "यांना गळती नसते," तो म्हणायचा.

वाड्याला अडीचशे वर्षं झाली म्हणून तिकीट निघायचं ठरलं आणि चित्राचं काम हेनिंगकडेच आलं. तीन रविवार त्याने जेवणाचं टेबल अडवलं.

"अरे, जाऊन एकदा बघून तरी ये," बायको गुद्रुन म्हणाली.

"जिना उतरताना तू पायऱ्या मोजतेस का?"

तिकीट निघालं त्या दिवशी तिकिटवेड्यांच्या मंडळातला त्याचा दोस्त अँकर आला. दातांचा निवृत्त डॉक्टर. भिंग कायम खिशात.

"हेनिंग, वाड्याला धुराडी किती?"

"आठ."

"मग इथं मोज."

हेनिंगने मोजली. नऊ. पुन्हा मोजली, तरी नऊच.

"चुकीचं तिकीट!" अँकर टाळ्या पिटत उठला. "सोनं आहे रे, सोनं! चुकलेल्या तिकिटाला संग्राहक वाटेल तो भाव देतात!" आणि टपाल कचेरीत त्या तिकिटांचे होते नव्हते तेवढे अख्खे कागद उचलायला धावला.

गुद्रुनला हसू आवरेना. हेनिंग मात्र पांढराफटक पडला होता. ते नववं धुराडं एकेकाळी होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, कलतंय म्हणून, त्यानेच ते उतरवलं होतं. चार विटा बदलून सावरलं असतं, हे त्याला नंतर उमगलं; पण तो कुणापाशी बोलला नव्हता. हात मात्र विसरला नव्हता.

त्याने राजीनामा लिहिला. तो पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी वाड्यातून बोलावणं आलं. उत्तरेच्या दालनात ऐंशी वर्षांच्या राजकन्या बसल्या होत्या. अंगावर दोन शाली, पुढ्यात ते तिकीट.

"स्क्युटे, हे धुराडं माझ्या शेकोटीचं. पडेल म्हणाला होतात."

"हो, बाईसाहेब."

"पडलं असतं?"

हेनिंगने कॉफीच्या कपात पाहिलं. "नसतं पडलं. मी नवा होतो. घाबरलो."

"आणि हे आज सांगताय?"

"कुणी विचारलंच नाही."

"मी विचारलं असतं तर थाप मारली असतीत. केक घ्या." त्यांनी राजीनाम्याचा कागद त्याच्याकडे सरकवला. "हेही घ्या. तिकीट मी नीट पाहिलं, त्यात काहीच चूक नाही. चुकलाय तो वाडा. वाडा दुरुस्त करणं तुमचंच काम ना?"

सप्टेंबरात परांची चढली. शेवटचे तीन थर हेनिंगने गवंड्याला बाजूला सारून स्वतः रचले. वाकडेच रचले, आणि गवंड्याने डोळा चुकवून सरळ केले. पहिला धूर निघाला तेव्हा बाईसाहेबांनी खिडकीतून एक शाल बाहेर झटकली आणि सगळ्यांदेखत दासीला देऊन टाकली. हेनिंग परांचीवरच बसून राहिला. खाली यावंसं वाटेना.

अंगणात अँकर उभा होता, रागाने लाल.

"उतर खाली, गद्दारा! सहा कागद घेऊन ठेवलेत मी! आता यात चूक कुठाय?"

"शोध ना," हेनिंग वरून ओरडला. "भिंग आहे की तुझ्याकडे!"

महिनाभर अँकर त्याच्याशी बोलला नाही. मग नाताळ आला, आणि त्या वर्षी गावातल्या प्रत्येकाला, ज्यांचे दात त्याने वीस वर्षांपूर्वी उपटले होते त्यांनासुद्धा, अँकरकडून शुभेच्छापत्र आलं, पाकिटावर नऊ धुराड्यांचं तिकीट चिकटवलेलं.