फळ्यावरचा पहिला नंबर

माहुलच्या कमळ कोळणीने आधी दोन कॅसेटी काढल्या होत्या आणि दोन्ही साफ पडल्या होत्या. हळदीच्या गाण्यांची तिसरी कॅसेट १९८६च्या माघात आली. घाटकोपर स्टेशनाबाहेरचा कॅसेटवाला दर सोमवारी सगळ्यात जास्त खपलेल्या दहा कॅसेटींची नावं फळ्यावर खडूने लिहायचा. कमळची कॅसेट आधी नववी लागली, मग सहावी, आणि शिमग्यानंतर फळ्यावरून गायबच झाली.

वैशाखात लग्नांचा हंगाम भरात आला, तशी ती पुन्हा वर चढली. "तू पहिली आलीस," असं नवऱ्याने, चंदरने सांगितलं, तरी कमळला खरं वाटेना. मासळी विकून झाल्यावर ती टोपली घेऊन तशीच दुकानासमोर जाऊन उभी राहिली. फळ्यावर सगळ्यात वर तिचंच नाव होतं.

"मावशी, जरा बाजूला व्हा ना," दुकानदार म्हणाला. कॅसेटच्या कव्हरावर कुणा मॉडेलचा फोटो होता, दुकानदार तिला ओळखणार कसा?

"वरचं नाव माझं हाय," कमळ म्हणाली.

"मग गाऊन दाखवा," तो हसत म्हणाला.

कमळने टोपली खाली ठेवली, पदर खोचला आणि हळदीचं गाणं धरलं. दुसऱ्या ओळीला दुकानदाराने चालू टेप बंद केला. कडवं संपेपर्यंत रस्ता माणसांनी भरला होता. लोक सोडेनात, म्हणून ती आणखी दोन गाणी गायली.

ती कॅसेट पावसाळा लागला तरी पहिलीच राहिली. नारळी पौर्णिमेला तिला मागे टाकलं ते कमळच्याच चौथ्या कॅसेटने.