देठासकट

वैशाखाचं ऊन. वितळल्या तांब्यासारखं, कातळावर ओतलेलं ऊन. कातळ तापला, समुद्र पांढराफटक पडला, आणि रत्नागिरीच्या टेकडीवरची हापूसबाग मात्र घनश्याम सावल्या अंथरून, फळांच्या भारानं वाकूनही मुजोर, उभी.

ह्या बागेत जव्हारच्या डोंगरातून उतरलेली अकरा पोरं-पोरी. आंब्याचे तीन महिने मुक्काम इथंच. त्यांतली वेणू भोये, एकोणीस वर्षांची, हरिणपायांची, वीजडोळ्यांची. हातात झेला: लांब काठी, टोकाला पातं, पात्याखाली जाळी. तिच्या जाळीत आंबा पडायचा तो देठासकट. देठ तुटला की चीक ओघळतो. चीक ओघळला की फळ डागतं, काळवंडतं, सडतं. वेणूचं फळ सडत नसे.

ह्या पोरांच्या उन्हाळ्यावर पुण्याच्या निनाद सरांनी सिनेमा काढला. आज भर दुपारी, आंब्याच्या शेडची दारं लावून, पांढऱ्या चादरीवर तो सुरू होता. चादरीवर बाग डुलत होती, चादरीवर पोरं हसत होती. देखणा होता, खोटं कशाला बोला. फक्त मुका होता. आवाज वेणूचा हवा होता. सरांनी तिच्या हाती कागद दिला, तोंडापुढं माइक धरला.

"आम्ही बिचारी, घरापासून तुटलेली..." वेणू वाचता वाचता थांबली.

"छान! जरा रडवेला लाव ना आवाज."

"तिला रडवायचं तर डोळ्यात चीक घाला, सर!" मागून पोरांतला सोमा ओरडला. शेड खदखदा हसली.

वेणू हसली नाही. पुढच्या महिन्यात हाच सिनेमा तिच्या गावच्या आश्रमशाळेत दाखवणार होते. पहिल्या रांगेत आई बसणार. निघताना पोरीच्या पिशवीत नागलीची भाकर कोंबणारी, आणि डोळ्याला पदर न लावणारी आई. ती लेकीच्याच तोंडून ऐकणार, की लेक तुटली.

दया! दया फार गोड असते. आणि गोडावर माश्या बसतात.

"हे नाही म्हणणार, सर."

"अगं, लोकांच्या काळजाला भिडायला नको?"

"अडीच महिने कॅमेऱ्यात माझा हात टिपलात. बघितलात कधी?"

तिनं पेटीतून एक आंबा उचलला, सरांच्या तळव्यावर ठेवला. हरितपीत, उन्हाची ऊब धरलेला, माथ्यावर बोटाच्या पेराएवढा देठ.

"हा तुटलाय?"

सरांनी त्या देठावरून बोट फिरवलं. "नाही. उतरवलाय."

"मग आम्हीपण उतरलोय."

कागद जमिनीवर पडला. माइक पुन्हा वर आला. आणि वेणू बोलली, कातळासारखी कोरडी, झऱ्यासारखी स्वच्छ:

"आये, मी वेणू. आम्ही तुटलो नाही. देठासकट आलोय."

चादरीवर तिचाच हात उंचावला. पर्णगर्द अंधारात पातं लखलखलं. आणि एक सुवर्णगर्भ फळ, आपला देठ तुऱ्यासारखा मिरवत, जाळीत उतरलं. अलगद. अखंड. चिकाचा एक थेंब न सांडता.