सूर पोचवणारा डबा

हो, मीच बोलतोय! गावच्या वाचनालयात शब्दकोशांच्या कपाटावर बसलेला, दोन शिंगांचा वायफायचा डबा. माझ्या आकारावर जाऊ नका. बल्गेरियातल्या आमच्या या डोंगरगावात माझ्याइतकं जग कोणी पाहिलेलं नाही, तेही जागचं न हलता!

मला आणलं ग्रंथपाल रालित्साने. "वाचनालय सगळ्यांचं, तर इंटरनेटही सगळ्यांना फुकट," म्हणाली. म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. योर्दानाआजी तर म्हणाली, "घाला आता पुस्तकं वाळवीला!" असा संताप आला मला!

तीच योर्दाना गेल्या हिवाळ्यात माझ्या दारी आली. तिच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि आवाज राहील की नाही, डॉक्टर सांगेनात. त्याआधी तिला एकदा कापणीचं गाणं म्हणायचं होतं. पण ते तिघींचं गाणं. ती, शेजारीण वासिल्का आणि तरुण क्रेमेना. आणि क्रेमेना तर पोटासाठी स्पेनला गेलेली, तिथल्या म्हाताऱ्यांची सेवा करायला.

रालित्साने योर्दाना आणि वासिल्कासमोर लॅपटॉप उघडला. पडद्यावर क्रेमेना आली. योर्दानाने आणि तिने मिळून चाल धरली आणि सगळा विचका झाला! क्रेमेनाचा आवाज मागाहून येई.

"अगं, तोंडात घास धरून गातेस की काय?" योर्दाना कडाडली.

"वेळेवरच गातेय गं आजी!"

माझा तरी काय दोष? स्पेन काय पलीकडच्या आळीत आहे?

शेवटी वासिल्का म्हणाली, "क्रेमेने, तू चाल सोड. माझ्याबरोबर नुसता खालचा सूर धरून ठेव. तो एका जागी उभा असतो, त्याला कसला उशीर!"

आणि जमलं की हो! खाली तंबोऱ्यासारखा एकच सूर, थोडा इथला, थोडा स्पेनचा, आणि वर योर्दानाचा आवाज. पेपर वाचणारे उठून उभे राहिले. रालित्सा ढसाढसा रडली. मला छाती असती तर अभिमानाने फुटलीच असती.

ऑपरेशन झालं. योर्दाना वाचली, आवाज मात्र गेला.

काल ती गळ्याला रुमाल बांधून आली. तिने पडद्यावरच्या क्रेमेनाला बोटाने खूण केली: चाल तू उचल.

"मी? ती तुझी चाल आहे, आजी!"

योर्दानाने टेबलावर थाप मारली. क्रेमेना गायला लागली, अडखळली. पुन्हा थाप. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला ओळ बरोबर लागली, तेव्हा योर्दानाचे ओठ तिच्याबरोबर हलत होते.

नवा, चार शिंगांचा डबा येणार म्हणतात. येऊ दे बापडा. पण गाण्याची दोन कडवी अजून शिकवायची राहिलीत. तेवढी होईस्तोवर माझी वायर कोणी काढू नका.