बेकरीवाल्याची फांदी

प्रयोगशाळेतून फोन आला तेव्हा घड्याळजी एका मनगटी घड्याळाचं पोट उघडून बसले होते, आणि त्यांची थोरली बहीण त्यांच्या डोक्यावर बसली होती. दोन्ही हातांत चिमटे, म्हणून घड्याळजींनी कोपराने फोन स्पीकरवर टाकला.

"सर, तुमचा थुंकीचा नमुना बाद झालाय," पलीकडची मुलगी म्हणाली. "त्यात दोन माणसं आहेत."

"दोन?"

"हो सर. एक पुरुष, एक बाई."

"मला शंका होतीच," ताई म्हणाल्या. "लहानपणी हा एकटा एवढं खायचा कसा!"

मुलीने सांगितलं, नवी नळी फुकट पाठवते, फक्त या वेळी तुम्ही एकटेच थुंका. काय घडलं असणार ते घड्याळजींच्या लक्षात आलं आणि त्यांचे कान लाल झाले.

पहिली नळी त्यांच्या बायकोने मागवली होती. तिची सगळी नोकरी टपाल कचेरीत पत्रं लावण्यात गेली. एकच आडनाव लोक किती तऱ्हांनी लिहितात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. कुणी जोडाक्षर फोडायचं, कुणी शेवटचं अक्षर गिळायचं, कुणी काना जास्तीचा द्यायचं, तरी पत्र त्याच दारात जाऊन पडायचं. निवृत्त झाल्यावर तिने नवऱ्याच्या घराण्याची वंशावळ काढायला घेतली. जेवणघराची अख्खी भिंत कागदाने भरली. खात्री झालेली नावं शाईने, बाकीची पेन्सिलीने. शेवटी पेन्सिलीत एकच फांदी उरली, कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याची. तो आडनावातलं जोडाक्षर फोडून लिहायचा. तिचं म्हणणं, हा आपलाच. ताईंचं म्हणणं, मुळीच नाही.

"सून म्हणून आली आणि आम्हाला आमचं कूळ शिकवते," ताई म्हणायच्या.

"तुमच्यापैकी कुणाला येत नव्हतं ना, म्हणून," ती म्हणायची.

मग ठरलं की घड्याळजी आणि बेकरीवाला, दोघांनी तपासणी करायची. बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे जवळजवळ जशीच्या तशी उतरत जाणारी एक खूण माणसाच्या अंगात असते म्हणे. ती जुळली तर घराणं एक. बेकरीवाल्याने उभ्या उभ्या नळी भरून दिली. घड्याळजींच्या मात्र तोंडाला कोरड पडली. नळी निम्मीसुद्धा भरेना.

ती तेव्हा आजारी होती, पलंगावर उशांना टेकून हा तमाशा बघत होती. "अहो, द्या इकडे," ती म्हणाली. लग्न झाल्यापासून त्यांच्या कपातला उरलेला चहा तीच संपवायची, ताटातलं उरलेलं तीच खायची. तशीच तिने नळीही वरच्या रेघेपर्यंत भरून टाकली. "घरातलीच तर आहे! कोण बघतंय!" तिला माणसं कळायची, विज्ञानाशी मात्र तिचं वाकडं होतं. मग दोघं इतकी हसली की तिला ठसका लागला आणि शेजारीण पाणी घेऊन धावत आली.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही.

आता त्या आडनावाच्या सगळ्यांचं संमेलन भरणार होतं. वंशावळ कापडावर छापून टांगायची होती आणि छपाईचं काम ताईंकडे होतं. त्यांनी आधीच बजावलं होतं, पुरावा मिळाला नाही तर बेकरीवाल्याची फांदी छाटणार. घड्याळजींना खापरपणजोबांशी काही देणंघेणं नव्हतं. पण हे तिच्या हातचं शेवटचं काम. तिने काढलं तसंच्या तसं छापलं जावं, एवढंच त्यांना हवं होतं.

"ती जुनी नळी परत मिळेल का?" त्यांनी फोनवर विचारलं.

"परत? थुंकी?"

"हो."

"सर, बाद नमुने आम्ही टाकून देतो."

"बरं. नाही, सहज विचारलं."

त्यांनी चिमटे खाली ठेवले. ताईंनी हात लांब करून फोन बंद केला.

नवी नळी आली त्या दिवशी बेकरीवाला धीर द्यायला मुद्दाम दुकान सोडून आला. अंगावर पिठाचा अॅप्रन तसाच.

"दादा, लिंबू आठवा. कापलेलं. वर मीठ."

"तू गप्प बस. मला हसू आलं की कोरड पडते."

"ताई, तुम्ही तरी सांगा यांना."

"मला ताई म्हणायचं नाही," ताई म्हणाल्या. "निकाल लागेपर्यंत तरी नाही."

"मग काय म्हणू?"

"काहीच म्हणू नका. आणि पीठ झटकू नका, आत्ताच झाडलंय."

घड्याळजी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले. बराच वेळ नुसते बारीक बारीक आवाज येत राहिले. अखेर त्यांनी नळी उजेडात धरली. रेघेपर्यंत भरली होती, आणि सगळी त्यांची एकट्याची होती.

निकाल आला तोही तिघांच्या साक्षीने. ताईंनी चष्मा पुसला, परत पुसला आणि मोबाइल हात लांब करून वाचला. "जुळत नाही. जवळचं नाही, लांबचं नाही. काहीच नाही."

भट्टीचं दार मध्येच उघडलं की केक बसतो तसा बेकरीवाल्याचा चेहरा बसला. "मध्ये कुणी दत्तक गेला असेल तर?"

"आमच्यात? भलतंच!"

घड्याळजी मात्र ताडकन उठले. "चुकली!" ते म्हणाले. "ती चुकली!"

हरवलेली किल्ली कुठे असेल, पाहुणे किती वाजता टपकतील, कुठला रस्ता जवळचा, सगळ्यात तिचंच खरं व्हायचं. उभ्या संसारात एकदा, फक्त एकदा तिला चूक म्हणायची त्यांना हौस होती. ते हसत हसत आतल्या खोलीकडे निघाले. "ऐकलंस का? तुझा बेकरीवाला..."

दारात पाय थांबले. पलंगावरची चादर ताणून बसवलेली होती.

ते तिथेच उभे राहिले. बेकरीवाला उगाचच अॅप्रनची गाठ सोडून पुन्हा बांधत बसला.

"राहू दे रे ती फांदी," ताई म्हणाल्या. आवाज नेहमीपेक्षा बराच खाली होता. "छापते मी. संमेलनात कोण तपासायला बसलंय?"

"तिने तपासलं असतं," घड्याळजी म्हणाले. "चुकलंय कळल्यावर तिने एक दिवस ठेवली नसती."

"अरे, पण तूच म्हणत होतास ना, तिने केलं तसंच छापायचं?"

"तेच तर करतोय."

त्यांनी टेबलाच्या खणातून खोडरबर काढलं आणि जेवणघरात स्टूल सरकवलं. फांदी वर होती, हात पुरेना. बेकरीवाला न सांगता पुढे आला आणि त्याने स्टूल धरलं. आपलंच नाव, बापाचं, आजोबाचं, एकेक पुसलं जाताना तो मान वर करून बघत होता. खोडरबराचा भुगा त्याच्या केसांतल्या पिठावर पडत होता. तिने पेन्सील दाबून चालवली होती, त्यामुळे अक्षरं गेली तरी वळ राहिले. घड्याळजींनी त्यांच्यावरून अंगठा फिरवला आणि आणखी घासलं नाही.

"दादा," बेकरीवाल्याने खालून हळूच विचारलं, "मग आता मी दादा म्हणायचं की नाही?"

"म्हण. ताईसमोर नको."

"मी काही बहिरी नाही," स्टुलाची दुसरी बाजू धरत ताई म्हणाल्या. "उतर आता खाली. दोघांनाही एक काम धड जमत नाही."